सतरा ब्रेकर

कारंज्याच्या बंद जिनिंगच्या शेडात
जुबेरभाईनं ताडपत्री ओढली
तशी कधीची तरी कापसाची धूळ
एकदम उडाली
आणि हळूहळू परत
त्या दोघींवरच बसायला लागली.

चांदीच्या रंगाची ऑडी, हैदराबादच्या दंतवैद्याची.
पिवळी पोर्शे, मालक तीन,
तिसरा कोण ते जुबेरभाई सांगत नव्हता.
दोन्ही इतक्या बुटक्या
की आयुष्यात पहिल्यांदा मी
गाडीच्या टपावर कोपर टेकवून उभा राहिलो.

एकतीस वर्षं मुरूम वाहिला.
समृद्धीच्या भरावात कितवा तरी थर माझ्या टिपरांचा आहे.
रस्ता झाला, आणि त्यावरून पहिल्यांदा गेलो तो
भाच्याच्या बोलेरोत, मागच्या आडव्या सीटवर,
गुडघ्यावर आहेराची पिशवी.
उजवीकडून काहीतरी चपटं निघून गेलं.
आधी आवाज गेला की गाडी, ते कळलं नाही.
तेव्हापासून हे डोक्यात.

पण घर ते नाका अकरा किलोमीटर,
त्यात ब्रेकर सतरा. मोजलेत.
शाळेपुढं दोन, देवळापुढं एक,
सरपंचाच्या मेव्हण्याच्या दारापुढं तीन.
खिशातून टेप काढला, जमिनीवर आडवा झालो.
ऑडीचं पोट दोन बोटं उंच.
उठलो तेव्हा पाठीला सरकी चिकटलेली.

ऑडीचं बोनेट उघडलं: इंजिन, जिथं असावं तिथं.
हात घालावा आणि ओळख निघावी असं.
पोर्शेचं उघडलं: नुसता खड्डा, स्टेपनीसुद्धा नाही.
मागचं झाकण उघडलं: तिथंही नाही.
"मधात हाय," जुबेरभाई म्हणाला,
"तुमच्या पाठीमांगं. दिसत नाही, आयकू येते."

मनातल्या मनात मी ऑडी घेऊन टाकली होती.
नागपुरात वर्कशॉप. मालक एक. दोन बोटं वर.
आणि मागं, नावापुरत्या का होईना, दोन सीटा.

सिंधू तोवर दोन्हींत बसून उठली होती.
उठायला दोन्हींत हात द्यावा लागला.
"मांगं कोन बसन?"
कोणी नाही, म्हटलं, लेकरूही मावत नाही.
"मंग कायले देल्ल्या?"
माहीत नाही.
"अन् या पिवळीत?"
दोनच.
"दोनच?"

आमच्या पहिल्या टिपरात किन्नर आणि दोन मजूर.
मग ट्रॅक्स, तिच्यात माझी आई, दोन्ही बहिणी,
कोणाचं तरी गव्हाचं पोतं.
मग पोरं, मग पोरांचे मित्र,
मग दवाखान्यात न्यायचं कोणी ना कोणी.
सिंधू नेहमी दाराकडच्या टोकाला,
अर्धी सीटवर, अर्धी हवेत.

"तिसऱ्याले जागाच नाही, असं सांगता येते,"
ती म्हणाली,
"खोटं न बोलता."

ऑडी पुसदच्या कोणीतरी नेली म्हणे.
कधी कधी रात्री तिचं ते
जागच्या जागी असलेलं इंजिन अजून आठवतं.

पिवळी घरी आणली त्या दिवशी
पहिल्याच ब्रेकरवर खालून असा आवाज आला
की पानठेल्यावरची माणसं उभी राहिली.
सिंधू उतरली.
म्हणाली, वजन कमी होते.
पुढं जाऊन वाकली, खाली पाहिलं,
"तिरपी घ्या. आनखीन. येऊ द्या."
खदानीत किन्नर आला नाही की
अशीच उभी राहायची टिपरामागं,
पदर खोचून, फाळक्यावर थापा मारत.
थापेवरून मला कळायचं किती उरलं.

प्रत्येक ब्रेकरला उतरली, प्रत्येकाला परत बसली.
गल्लीतली पोरं मागं गोळा झाली,
एकानं विचारलं, आजी, मी बसू?
तिनं दोन बोटं वर केली. दोनच.

सतरावा आमच्या घराच्या अलीकडचा.
तो ओलांडला तरी ती बसायला आली नाही,
उलटी चालत राहिली, माझ्याकडे तोंड करून,
हातानं बोलावत:
येऊ द्या, येऊ द्या.

रस्ता सपाट होता.
मी पहिल्याच गियरमध्ये राहिलो.